नाक केशोरीचं, बाटली नाशिकची

वाइन कळायला पुण्यातल्या कोरेगाव पार्कात घर लागत नाही. फ्रेंच यावं लागत नाही, ग्लासाचा दांडा कोणत्या दोन बोटांत धरायचा हे पाठ असावं लागत नाही. नाक लागतं. आणि नाकाच्या बाबतीत गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीचा माणूस कुणाला हार जाणारा नाही. हे गावाचं कौतुक म्हणून सांगत नाही. याला रसायनशास्त्राचा भक्कम आधार आहे.

मिरचीच घ्या. केशोरीचा परिसर मिरचीसाठी ओळखला जातो. हिरवी मिरची देठापाशी मोडली की तिखटाच्या आधी एक कच्चा, हिरवा वास नाकात शिरतो. तो ज्या पदार्थांमुळे येतो त्यांना मेथॉक्सीपायराझीन म्हणतात. तेच पदार्थ सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये असतात, कॅबर्ने सॉव्हिन्यों या लाल वाइनमध्येही असतात. द्राक्षं जरा कच्ची असताना खुडली तर हा वास चढतो, पिकत गेली की उतरतो. मिरचीचंही तसंच, लाल झाली की हिरवा वास सरतो. ज्याने आयुष्यभर मिरची तोडली, वाळवली आणि तिचा भाव केला त्याच्यापुढे सॉव्हिन्यों ब्लाँचा पेला ठेवा. हे फळ पुरतं पिकलं होतं की घाईत खुडलं, हे तो सांगेल. महागड्या वर्गांत लोक पैसे भरून हेच शिकतात.

आता धानाच्या बांधीत या. निंदणाऱ्या बायांना ज्याचा वैताग असतो ते नागरमोथ्याचं गवत उपटलं की खाली काळी गाठ निघते. ती चुरडून हुंगा. त्या वासात रोटंडोन नावाचा एक रेणू आहे. त्याचं नावच नागरमोथ्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं, कारण तो पहिल्यांदा या गाठींत सापडला. शिराझ वाइनमध्ये काळ्या मिऱ्यांचा वास कुठून येतो, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उत्तर दिलं, तो वास रोटंडोनचा. काळ्या मिऱ्यातही तोच. दर पाचांतल्या साधारण एका माणसाला हा रेणू मुळीच जाणवत नाही, असंही त्यांना आढळलं. तेव्हा शिराझमध्ये मिरी लागली नाही म्हणून कुणी तुम्हाला अडाणी ठरवू लागला, तर त्याला हे सांगा.

तिसरी गोष्ट मोहाची. भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलेले जीवशास्त्रज्ञ र. ल. ब्रह्मचारी यांनी वाघ ज्या द्रवाने आपली हद्द आखतो त्याचा अभ्यास केला. त्यात त्यांना सापडलेला एक वास सुवासिक तांदळाचा होता. मोहाच्या फुलातही तोच निघाला. म्हणजे चुलीवर शिजणारा चिन्नोर तांदूळ, पहाटे झाडाखाली पडलेलं फूल आणि नवेगाव-नागझिऱ्यातल्या वाघाची खूण, या तिन्हींत एकच रेणू आहे. या तिन्हींच्या शेजारी वाढलेलं नाक वाइनच्या ग्लासापुढे बिचकतं. का? समोरच्या छापील कागदावर गूसबेरी आणि ब्लॅककरंट असं लिहिलेलं असतं म्हणून. ती फळं केशोरीच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात कुणी पाहिली नाहीत. हा दोष नाकाचा नाही, कागद लिहिणाऱ्याचा आहे. नाशिकच्या वाइनऱ्या मराठी माणसाला वाइन विकतात. त्यांनी आपल्या बाटल्यांवर जांभूळ, चारं, टेंभरं, करवंद आणि सांबाराची जुडी लिहावी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हे नाशिककरांसाठी.

आठवडी बाजारात मोहफुलांचा सौदा एकदा जवळून पाहा. वाळलेल्या फुलांचं टोपलं पुढे असतं. घेणारा मूठभर उचलतो आणि नुसत्या रंगावरून भाव पाडू पाहतो. विकणारी आजी त्याला थांबवते. "नाकाजवळ ने ना जी, मंग भाव बोल." मग ती स्वतः एक फूल चिमटीत धरून दाबते. बोटाला चिकटलं पण ओलं लागलं नाही तर वाळवण नीट झालं. आंबूस वास आला तर पोत्याला कुठेतरी ओल लागली आहे. मातीचा वास आला तर झाडाखालची जागा न झाडताच फुलं वेचली. रंग, स्पर्श, वास आणि दोष, वाइन परीक्षक ज्या चार पायऱ्या सांगतो त्या इथे मिनिटभरात उरकतात. फरक एवढाच की आजी तोंडात न घालताच निकाल देते.

वाइनला मात्र तोंडात घालावं लागतं, म्हणून तेवढा भाग शिकून घ्यायचा. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही. काचेचा साधा ग्लास चालतो, तोंडाकडे जरा निमुळता असला तर अधिक चांगला. तिसरा हिस्साच भरा, कारण उरलेल्या रिकाम्या जागेत वास साठतो. पांढऱ्या कागदासमोर तिरका धरा. पांढरी वाइन तपकिरीकडे झुकली असेल तर तिला हवा लागली आहे. गोल फिरवा, हुंगा, लहान घोट घ्या आणि लगेच गिळू नका. गालांच्या आतून लाळ सुटली तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडून ओढल्यासारख्या झाल्या तर तो तुरटपणा. कच्चं टेंभरू चावल्यावर जे होतं तेच हे, द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून होतं. घशात ऊब आली तर ती अल्कोहोलची. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळली ते पाहा. स्वस्त वाइन चटकन पुसली जाते, चांगली थांबते. एवढं पुरे. यापुढचं सगळं सरावाने येतं, आणि सराव म्हणजे दोन वेगळ्या वाइन शेजारी ठेवून थोड्या थोड्या चाखणं. एकटी वाइन फारसं काही शिकवत नाही.

दोन दोष मात्र पाठच करा. बूच असलेल्या बाटलीतून ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच बिघडलेलं आहे, फळाचा संबंध नाही. शिरक्याचा किंवा नखांच्या रंगाचा वास आला तर वाइन उतरली. दोन्ही वेळा बाटली परत करा. विदर्भात परत घेत नाहीत असं म्हणू नका. फाटलेली साडी परत होते, सडलेला टमाटर परत होतो, मग वाइनच का होऊ नये?

आता दुकानाकडे. आपल्याकडे फलकावर 'वाईन शॉप' असतं आणि आत व्हिस्की, रम, ब्रँडी. वाइन असलीच तर सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराखाली, उभी. गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना भिडतो, छपराखाली त्याहून चढतो. त्या उष्णतेत वाइन बाटलीतच शिजते. फळाचा ताजा वास जातो आणि काकवीसारखी जड गोडी उरते. उभ्या बाटलीचं बूच सुकून आकसतं आणि हवा आत जाते. एका दुकानात मी विचारलं, ही बाटली कधीची? मालक म्हणाले, "वाइन जितकी जुनी तितकी चांगली." हे वाक्य भारतात जितक्या बाटल्यांचं नुकसान करतं तितकं दुसरं काही करत नसेल. जगातल्या फार थोड्या वाइन वर्षानुवर्षं मुरण्यासाठी केलेल्या असतात, त्याही थंड अंधाऱ्या तळघरात. भारतात पाच-सातशे रुपयांना मिळणारी पांढरी वाइन एक-दोन वर्षांत संपवायची असते, लाल तीन-चार वर्षांत. तेव्हा आधी लेबलावरचं वर्ष पाहा, नाव नंतर. झाकण पिळून उघडणारं असेल तर बिनदिक्कत घ्या. ते हलक्या दर्जाचं लक्षण नव्हे, आपल्या हवेत उलट तेच सोयीचं. खरेदी हिवाळ्यात करा, कारण मे महिन्यात नाशिकहून ट्रकमध्ये तापत आलेली बाटली घरच्या फ्रिजने सुधारत नाही. ७५० मिलीची एक घेण्यापेक्षा ३७५ मिलीच्या दोन वेगळ्या घ्या. आणि गोड पोर्ट वाइनवर थांबू नका. विदर्भात पुष्कळांची वाइनशी ओळख तिच्यापासून होते आणि तिथेच संपते. तिच्यातली साखर द्राक्षाला बोलूच देत नाही.

लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा. तिथे त्याचा अर्थ १५ ते १८ अंश होतो. आपल्याकडे लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. पांढरी ८ ते १२ अंशांवर. बर्फ घालू नका, वितळून पाणी होतं.

जेवणाचं गणित केशोरीत वेगळं आहे, आणि इथे पुस्तकी सल्ला सरळ चुकतो. मटणाबरोबर लाल, असं पुस्तक सांगतं. पण आमच्या रश्शात मिरची असते. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची जळजळ वाढवतात. १४ टक्क्यांची शिराझ आणि ठेचा एकत्र आले की दोघांचीही चव मरते. तिथे हवी थंड, हलकी, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ. इटियाडोह धरणाच्या किंवा नवेगाव बांधाच्या पाण्यातली तळलेली मासोळी असेल, मसाला बेताचा असेल, तर सॉव्हिन्यों ब्लाँ. शिराझ ठेवा वांग्याच्या भरतासाठी. चुलीत भाजलेल्या वांग्याचा धूर आणि तिच्यातली मिरी एकमेकांना धरून राहतात. मला ही जोडी फार आवडते, आणि ती कुठल्याच वाइनरीच्या माहितीपत्रकात मी वाचलेली नाही.

जाणकारांची भीती वाटते? मग दोन प्रसंग लक्षात ठेवा. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. पांढऱ्यांत आणि लालमध्ये, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. दुसरा प्रसंग बोर्दोचा, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्यात लाल फळांचे वास नोंदवले. डोळा नाकाला फसवतो, आणि लेबल दोघांनाही. म्हणून बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळा आणि मगच मत द्या. बाजारातल्या आजीचा विश्वास डोळ्यांवर नव्हता, ते याचसाठी.

महाराष्ट्रातल्या वाइनबद्दल माझ्या मनात आदर आहे. शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली आणि १९८०च्या दशकात ती परदेशी पाठवली, तेव्हा त्यांना वेड्यात काढणारे कमी नव्हते. राजीव सामंत यांनी सुला उभी केली, तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. अकलूजच्या मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली काढली. पण हे सगळं नुसत्या हिमतीवर झालं नाही. राज्य पाठीशी होतं. २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, करात सवलत आली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी तर मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. विरोध झाला, निर्णय अडकला, पण द्राक्ष उत्पादकाला भाव मिळावा हे कारण सरकारने तेव्हा उघड सांगितलं.

तेच कारण मोहाला का लागू होत नाही? मोहाचं झाड पाणी मागत नाही, फवारणी मागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, शेतात काम नसताना, पहाटे चारला उठून बाया फुलं वेचतात. १९४९च्या दारूबंदी कायद्याने या फुलाकडे पिढ्यान् पिढ्या संशयाने पाहिलं. घरात फुलं साठवली तर पोलीस, गाडीत नेली तर पोलीस. ते निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडलं. २०२२च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय केला, काजूबोंडं आणि मोहफुलं यांपासून बनणारं मद्य 'देशी'ऐवजी 'विदेशी' वर्गात नेण्याचा. वर्ग बदलल्याने केशोरीच्या आजीच्या टोपल्याला काय मिळालं? परवाना, यंत्रसामग्री आणि भांडवल ज्याच्याकडे आहे तो कारखानदार विदेशी मद्य बनवेल, आणि ती पूर्वीसारखीच किलोच्या भावाने फुलं विकत राहील. वेचणाऱ्यांच्या गटाला लहान परवाना देणारं कलम हवं होतं. मिळाली ती मोठ्या कारखान्याच्या सोयीची पाटी.

शेजारी बघा. गोव्याने फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ साली तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशाने २०२१ साली मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून विकण्याची घोषणा केली आणि आदिवासी बचत गटांना त्यात घेतलं. डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ साली मोहाचं मद्य रीतसर बाटलीत भरून गोव्यात विकायला आणलं. आणि इथे, गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत, १९७२ पासून राहणाऱ्यांच्या परंपरेत धान्य आंबवून केलेलं छांग आहे, सणाचं आणि पाहुण्याचं पेय. तालुका लहान आहे, पण आंबवण्याचं ज्ञान इथे दोन संस्कृतींचं आहे.

आता कठीण प्रश्न. केशोरीपासून गडचिरोली जिल्ह्याची हद्द जवळ आहे आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती मंत्रालयातून लादलेली नव्हती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, लढून ती मिळवली. ज्या बाईच्या घरात संध्याकाळी मार पडतो तिला शेनिन ब्लाँचा आंबटपणा सांगायला जाणं हा निर्लज्जपणा ठरेल. वाइन हृदयाला चांगली, हेही कुणी सांगू नये. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. ज्या गावातल्या बायका मतदानाने बाटली आडवी करतील तिथे ती आडवीच राहिली पाहिजे, मग बाटली मोहाची असो की नाशिकची. चव घेणारा माणूस थोडं पितो, हळू पितो, जेवताना पितो आणि ग्लासात उरलं तर टाकून देतो. ज्याला टाकून देता येत नाही त्याने या नादी लागू नये.

पण चोरून गाळलेल्या दारूवर कुणाचीच नजर नसते, हेही तितकंच खरं. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने. तपासणी असलेल्या बाटलीत मिथेनॉल सापडतं, प्लॅस्टिकच्या फुग्यात सापडत नाही. नागपूरची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा पकडलेल्या दारूचे नमुने आजही तपासते. गुन्हा नोंदवण्यासाठी जी तपासणी होते तीच परवान्यासाठी करायला नवं यंत्र लागत नाही, नवा शासन निर्णय लागतो. त्यात एवढंच हवं, ज्या ग्रामसभेला हवं तिच्या गटाला अल्प शुल्काचा परवाना, आंबवून केलेल्या मोहाच्या वाइनला द्राक्षाच्या वाइनइतकीच करसवलत, प्रत्येक खेपेची मिथेनॉल तपासणी आणि बाटलीवर गावाचं नाव, हंगामाचं वर्ष. द्राक्षासाठी करसवलतीचं धोरण लिहून तयार आहे. अर्जुनी-मोरगावच्या लोकप्रतिनिधींनी ती फाइल मागवावी आणि द्राक्ष या शब्दापुढे मोह लिहून घ्यावं. फुलं मार्चमध्ये पडायला लागतात. त्याआधी विधिमंडळाचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन येतं.